केअरगिव्हर्सनी स्वतःच्या कामावर केलेलं डॉक्युमेंटरी नाटक: कसं उभं करायचं?

रात्रपाळी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आता मदत हवीय म्हणून धागा काढतेय. आम्ही काही जण पेशाने केअरगिव्हर आहोत, म्हणजे कोणी ब्युरोतर्फे (घरी आया-अटेंडंट पुरवणारी एजन्सी) घरी जाऊन पेशंट सांभाळतं, दोघी वृद्धाश्रमात आहेत, एक दादा जिथे बरं व्हायची आशा संपलेले पेशंट ठेवतात तिथे काम करतात. डोक्यात असं आलंय की आपल्या कामावर आपणच नाटक करायचं. लेखक बाहेरचा नको, नट बाहेरचे नकोत, जे खरंच घडतं ते आपल्याच तोंडून.

जमेल तसं भेटून एकमेकांच्या गप्पा फोनवर रेकॉर्ड करतोय आणि इथेच गाडी अडलीय. रेकॉर्डर सुरू झाला की सगळे एकदम गंभीर. सेवा, पुण्य, स्वतःच्या आईसारखं केलं वगैरे. जी बाई चहाच्या वेळी हसून हसून सांगत होती की आजोबा तिला रोज सकाळी नोकरीवरून काढतात आणि दुपारी परत ठेवून घेतात, तीच रेकॉर्डरसमोर डोळे पुसायला लागते. खोटं नाहीये हो ते. पण सगळ्यांचं सारखंच येतंय आणि खरं सांगायचं तर ऐकताना मलाच कंटाळा येतोय.

शिवाय पेशंटच्या घरातलं कितपत सांगायचं, आम्हाला अभिनय येत नाही त्याचं काय, आणि याला गोष्ट लागते का नुसते तुकडे चालतात, हे सगळंच डोक्यात घोळतंय. कोणी असं काही केलंय का?

तिसरी_घंटा
वा, विषय भारी आहे. तुमची अडचण माणसांत नाही, प्रश्नात आहे. "कसं वाटतं?" विचारलंत की समोरचा सत्काराला उत्तर दिल्यासारखं बोलणार. "कसं करता?" विचारा. अंघोळ घालताना पाणी आधी कुठे लावता, पेशंट नको म्हणाला की तुमचं पुढचं वाक्य काय असतं, नव्या घरी पहिल्या दिवशी चप्पल काढल्यावर नजर आधी कुठे जाते. आणि बसून विचारू नका, करून दाखवायला सांगा. हात हलायला लागले की माणूस सेवा-पुण्य विसरतो आणि कामाचं बोलायला लागतो.

थोडा इतिहास, कारण तुम्ही काही जगावेगळं करत नाही आहात. एर्विन पिस्काटर या जर्मन दिग्दर्शकाने १९२५ मध्ये बर्लिनला भाषणं, वर्तमानपत्रातली कात्रणं आणि फिल्मचे तुकडे जोडून नाटक केलं होतं. पुढे इंग्लंडमध्ये स्टोक-ऑन-ट्रेंटच्या पीटर चीझमन या दिग्दर्शकाने लोकांच्या टेप केलेल्या मुलाखतींवर नाटकं उभी केली, त्यातलं १९७४ चं एक तिथला पोलाद कारखाना वाचवायच्या लढ्यावर होतं. पण तुमच्या सगळ्यात जवळचा म्हणजे रिमिनी प्रोटोकोल हा जर्मन ग्रुप. हे लोक नट घेतच नाहीत, ज्याचं आयुष्य तोच स्टेजवर, त्याला ते रोजच्या जगण्यातला तज्ज्ञ म्हणतात. २००० साली फ्रँकफर्टला त्यांनी ऐंशीच्या आसपासच्या चार आज्या स्टेजवर आणल्या आणि विषय काय, तर फॉर्म्युला वनच्या शर्यती. म्हातारपणावर हळहळायला कोणाला वावच ठेवला नाही. तुम्हीही असला काही तिरका रस्ता शोधा.

अभिनय येत नाही हे चांगलंच आहे. फक्त मोठ्याने आणि सावकाश बोलायला शिका.

खोडसाळ_बोका
हघ्या (हलके घ्या), पण प्रामाणिक शंका. बघायला येणार कोण? दिवसभर मरमर करून माणूस संध्याकाळी नाटकाला जातो ते डायपर आणि बेडपॅन बघायला? आणि एवढाच महत्त्वाचा विषय असेल तर चांगले नट घ्या, चांगला लेखक घ्या. खऱ्या माणसाने खरं सांगितलं म्हणून ते आपोआप चांगलं नाटक होत नाही. दहा मिनिटांत प्रेक्षक मोबाईल काढतील.

शेंडेफळ
बोक्याशी थोडीशी सहमत. शाळेच्या गॅदरिंगसारखं झालं तर आपण टाळ्या वाजवतो, पण त्या कौतुकाच्या, नाटकाच्या नाही.

रात्रपाळी
@बोका, डायपर बघायला कोणी यावं असं आमचंही म्हणणं नाही. पण चांगला नट पेशंटला पलंगावरून खुर्चीत बसवायचा अभिनय करतो ना, तेव्हा आम्ही सगळ्या एकदम ओरडतो, अरे कमरेतून वाकू नकोस, गुडघे वाक, पाय लांब ठेव, आधी ब्रेक लाव खुर्चीचा! सिनेमात तर नर्स नुसती चादर सरळ करत असते. आमच्या कामात अक्कल लागते हे कोणी दाखवतच नाही. एक तर आम्ही देवी तरी असतो नाहीतर दागिने चोरणाऱ्या तरी.

@तिसरी_घंटा, तुमचं ऐकून काल फक्त "करून दाखव" एवढंच केलं. काय फरक पडला म्हणून सांगू! आमच्यातली सगळ्यात गप्प बाई वीस मिनिटं सलग बोलली, विषय होता तोंडात घास न घेणाऱ्या पेशंटला कसं भरवायचं. पाठ ताठ पाहिजे, हनुवटी किंचित खाली पाहिजे, चमचा समोरून आणि खालून न्यायचा, गिळल्याचं गळ्याकडे बघून ठरवायचं, मगच दुसरा घास, आणि जेवण झाल्यावर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. हे सांगताना ती मधेच स्वतःच गिळत होती. ऐकणारे आम्ही पण.

निवृत्त_सिस्टर
पहिल्यांदाच लिहितेय, चूकभूल द्यावी घ्यावी. आयुष्य वॉर्डात गेलं आणि नंतर केअरगिव्हर मुलींना ट्रेनिंग दिलं, म्हणून बोलते.

माझं मत विचाराल तर एकच सीन घ्या, कूस बदलणे. पूर्ण अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला साधारण दर दोन तासांनी एका कुशीवरून दुसरीवर करायचं असतं, नाहीतर माकडहाडापाशी, टाचांना, खुब्याला बेडसोर होतात. लोकांना वाटतं ढकललं की झालं. ढकलायचं नसतं. ओढायचं तर अजिबातच नसतं, कारण ओढलं की वरची कातडी चादरीला धरून मागे राहते आणि आतलं मांस हाडाबरोबर पुढे सरकतं, जखम आतून सुरू होते आणि वरून बरेच दिवस काही दिसत नाही. म्हणून खाली आडवी दुमडलेली चादर असते, ड्रॉ शीट, दोघींनी दोन बाजूंनी ती धरून उचलून सरकवायचं, मग गुडघा वाकवायचा, एक हात खांद्यावर एक खुब्यावर, पूर्ण नव्वद अंशात नाही तर तीसेक अंशात तिरपं करायचं, पाठीला उशी, गुडघ्यांच्या मध्ये उशी, पोटरीखाली उशी म्हणजे टाच अधांतरी राहते. आणि हे सगळं करताना तोंडाने सांगत राहायचं, आता डावीकडे वळवतेय हं बाबा, पेशंटला ऐकू येत असो की नसो.

नीट करायला किती मिनिटं लागतात ती सगळी मिनिटं स्टेजवर लागू देत. कापू नका. संगीत नको. आणि मग दिवे न घालवता तीच बाई खुर्चीत बसेल आणि घड्याळाकडे बघेल, कारण दोन तासांनी परत तेच आहे.

खोडसाळ_बोका
सिस्टर, मी आत्ता खुर्चीत टाच उचलून बसलोय. बरं, हा सीन बघीन.

एकुलती_लेक
मी दुसऱ्या बाजूची. बाबांकडे आमच्या घरी दिवसाची एक आणि रात्रीची एक अशा दोघी होत्या, दोन्ही खूप चांगल्या. तरीही हा धागा वाचताना पोटात गोळा आला. माझे बाबा अतिशय टापटीप माणूस, इस्त्रीशिवाय दार उघडायचे नाहीत. त्यांचं शेवटच्या काळातलं अंग कोणी स्टेजवर "किस्सा" म्हणून सांगितलं तर मला चालणार नाही, नाव बदललं तरी नाही. ते त्या बाईंच्या कामाचा भाग होतं हे मान्य, पण ते बाबांचंही होतं आणि त्यांना कोणी विचारलेलं नाही.

आणि अजून एक. अशा गोष्टींत नातेवाईक कायम खलनायक असतात. मुलगी येते, पाच मिनिटं बसते, फोनवर बोलत निघून जाते. अहो ती फोनवर औषधाच्या दुकानाशी बोलत असते!

तिसरी_घंटा
लेकीचा मुद्दा या अख्ख्या धाग्यातला सगळ्यात अवघड आहे, त्यामुळे त्यावरच लिहितो, बाकी इतिहासभूगोल नंतर.

नाव बदलणं पुरत नाही. घर, आजार, पेशंटचा जुना व्यवसाय, मुलांची संख्या यातलं दोन-तीन कळलं की ओळखणारे ओळखतात. आणि स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची परवानगी घ्यायची कशी? मुलांनी दिली तरी ती मुलांची, त्याची नव्हे. काही लोक चार पेशंटचा मिळून एक पेशंट करतात. करा, पण मग प्रेक्षकाला तसं सांगा, नाहीतर डॉक्युमेंटरी कशाला म्हणायचं.

माझ्या मते तुमच्या नाटकाला एकच कुंपण घाला. स्टेजवर फक्त तुमच्या अंगाचं सांगायचं. तुमची कंबर, तुमची झोप, तुमचा राग, तुमचे हात, तुमचं गप्प बसणं. पेशंट काय बोलला, कसा दिसत होता, त्याने काय काय केलं, हे सांगायचा हक्क तुम्हाला पगाराबरोबर मिळालेला नाही. कुंपण घातलं की नाटक आखडेल असं वाटतं, उलट होतं. "त्यांनी मला चावा घेतला" या वाक्यावर प्रेक्षक पेशंटकडे बघतो. "मी हात झटकला नाही कारण झटकला तर त्यांचे दात दुखावले असते" यावर तुमच्याकडे बघतो. तुमचं काम या दुसऱ्या वाक्यात दिसतं.

रात्रपाळी
हे वाक्य आमच्या भिंतीवर लावतेय.
@लेक, ताई, मनापासून सांगते, आमच्याकडे पण नातेवाईकांवर ढीगभर रेकॉर्डिंग आहे आणि त्यातलं बरंचसं जळजळीत आहे. पण तुमचा फोनवाला मुद्दा वाचून दाखवला तर दोघी म्हणाल्या, खरंय, आपल्याला पलीकडचं ऐकू येत नाही. तो सीन तसाच करायचा का, की आम्हाला फोनची फक्त एकच बाजू ऐकू येते?

एकुलती_लेक
करा. तो बघायला मी येईन.

विंगेतला_वेताळ
विनोदावर कोणी बोललंच नाही! ज्या आजोबांनी रोज नोकरीवरून काढलं त्यांचं काय झालं? माझी बहीण या कामात आहे, ह्या लोकांचे आपसातले जोक ऐकले तर पांढरपेशा माणूस बेशुद्ध पडेल. रात्री तीन वाजता दोन अटेंडंट पॅसेजमध्ये तोंड दाबून हसत असतात ते नाटकात नसेल तर ते नाटक अर्धं खोटं.

निवृत्त_सिस्टर
असतात जोक. पण ते पॅसेजमधले आहेत, पेशंटच्या खोलीत नेत नाही आपण. स्टेज म्हणजे खोली की पॅसेज ते आधी ठरवा.

विंगेतला_वेताळ
मग स्टेजचे दोन भाग करा ना, खोली आणि पॅसेज. खोलीत काम, पॅसेजमध्ये खरं बोलणं. घ्या, सेट डिझाइन फुकटात दिलं.

तिसरी_घंटा
वेताळा, हसण्यावारी नेऊ नकोस, हे खरंच चांगलंय. नोकरीवरून काढणाऱ्या आजोबांचा किस्साही माझ्या कुंपणात बसतो. आजोबा दाखवायचेच नाहीत. तिने रोज सकाळी पिशवी भरायची, चप्पल घालायची, दाराबाहेर उभं राहायचं, आणि दुपारी नवीन बाई म्हणून परत इंटरव्ह्यू द्यायचा. एकटीचा सीन आहे हा.

आकडेमोड
उशिरा आलो. धागा भांडणात भरकटायच्या आत थोडे आकडे देतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालात जगभरात पगारी काळजीवाहू काम करणारे ३८.१ कोटी लोक धरलेत, पैकी २४.९ कोटी बायका. यात शिक्षक, डॉक्टर-नर्स, घरकामगार सगळे आले, म्हणजे फक्त केअरगिव्हरांचा आकडा नाही, हे लक्षात ठेवून वापरा.

पण आकड्यांपेक्षा नाटकाला उपयोगी असं एक कलम देतो. याच संघटनेने २०११ मध्ये घरकामगारांसाठी करार क्र. १८९ संमत केला, घरी राहून पेशंट सांभाळणारेही त्याच्या व्याख्येत बसतात. त्यात आठवड्याला सलग किमान २४ तासांची सुट्टी आहे. आणि असंही म्हटलंय की ज्या वेळात कामगार स्वतःच्या मर्जीने वागू शकत नाही, हाक आली तर उठावं लागेल म्हणून थांबून असतो, तो वेळही कामाचा वेळ धरायचा, किती धरायचा हे त्या त्या देशाचे कायदे वगैरे ठरवतील. आता "रात्री पेशंट झोपलेलाच असतो, तुम्हाला काय काम" हे वाक्य किती जणांनी ऐकलंय?

जाता जाता, आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये हवाईसुंदरींवर अभ्यास करून मांडलं की चेहऱ्यावर ठरावीक भावना ठेवणं हेही कामच आहे, पगारासाठी केलेलं.

रात्रपाळी
हे कलम वाचल्यावर आमच्यात जो गोंधळ झाला तो रेकॉर्ड करायला हवा होता!! सगळ्यांना एकदम तोंड फुटलं. रात्रीची झोप म्हणजे आमच्या भाषेत एक कान उघडा. कूलर बंद पडला तरी जाग येते, श्वास बदलला तरी येते, आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या घरीही दोन तासांनी आपोआप येते. एक बाई म्हणाली की तिच्या नवऱ्याने कूस बदलली की ती झोपेतच त्याच्या पाठीला उशी लावते.

आता "थांबणे" हाच मोठा सीन करायचं चाललंय. पण एक भीती आहे. हे सगळं बोललं आणि ब्युरोपर्यंत गेलं तर? आमच्यातल्या एकीला सुट्टी मागितली म्हणून पुढचं कामच मिळालं नव्हतं. आम्ही काही पक्के नोकरदार नाही, फोन उचलणं बंद केलं त्यांनी की विषय संपला.

तिसरी_घंटा
मग तुमच्यासाठी हेडफोनची पद्धत आहे. अलेकी ब्लाइथ या ब्रिटिश नाटककर्तीने ती खूप वापरली. नट कानात मूळ रेकॉर्डिंग ऐकत असतो आणि जसंच्या तसं बोलतो, खोकला, अडखळणं, "ते हे आपलं" सकट. तुम्ही हे आपसातच करा. हिचं बोलणं तिने बोलायचं, तिचं तिसरीने, आणि कुणाचं कुणाचं ते प्रेक्षकाला कळूच द्यायचं नाही, फक्त सुरुवातीला सांगायचं की इथे कोणीही स्वतःचं बोलत नाहीये. रागाची, पैशाची, ब्युरोची वाक्यं या पद्धतीने आणि कामाचं कसब स्वतःच्या नावाने. आवाज ओळखू येण्याचा प्रश्नही मिटतो.

आणि कृपया भाषा सुधारू नका. अमेरिकेत ॲना डेव्हीअर स्मिथ मुलाखती घेऊन एकटी सगळ्यांची बोलणी सादर करते, तिचा सगळा भर लोक जिथे अडखळतात तिथे असतो. तुमची बाई "पेशंटला पोझिशन दिली" म्हणत असेल तर तेच ठेवा, "रुग्णाची स्थिती बदलली" करू नका.

खोडसाळ_बोका
परत मीच. हे सगळं एकतर्फी होत नाही का? ब्युरोवाल्याची बाजू कोण मांडणार? डॉक्युमेंटरी म्हटलं की प्रेक्षक खरं मानतो, नाटक म्हणून सोडून देत नाही. उद्या कोणी म्हणालं माझा पगार बुडवला, तपासलं कोणी?

आकडेमोड
तपासायचंच. पगाराचं वाक्य असेल तर हजेरीची वही, मेसेज, जे असेल ते आधी ग्रुपने बघायचं, नसेल तर वाक्य गाळायचं. आणि नाव कोणाचंच घ्यायचं नाही. पण दोन्ही बाजू समान मांडायची सक्ती मला पटत नाही. ब्युरोवाल्याकडे जाहिरात आहे, बोर्ड आहे, ह्यांच्याकडे फक्त हा एक तास असणार.

खोडसाळ_बोका
तासाचं ठीक आहे. पण मग पत्रकात "ही आमची बाजू आहे" असं लिहा.

शेंडेफळ
ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल या दिग्दर्शकाचं फोरम थिएटर करा की. प्रसंग करायचा, मग परत पहिल्यापासून, आणि प्रेक्षकातल्या कोणीही थांबा म्हणून स्टेजवर यायचं आणि केअरगिव्हरच्या जागी उभं राहून वेगळं वागून बघायचं. सुट्टी मागायचा सीन यासाठी झकास आहे.

निवृत्त_सिस्टर
सुट्टीच्या सीनला चालेल. कूस बदलायच्या सीनला प्रेक्षकातून कोणाला वर बोलवू नका, कोणाची तरी कंबर जायची.

विंगेतला_वेताळ
तालमी कधी करणार पण? बारा-बारा तासांच्या ड्यूट्या, बदली आली नाही तर डबल. बहीण घरच्या लग्नाला पोचत नाही.

रात्रपाळी
हाच तर मूळ रोग आहे. आजवर एकदाही सगळे एकत्र भेटलेलो नाही. दिवसवाले आणि रात्रवाले फक्त ड्यूटी बदलताना पाच मिनिटं समोरासमोर येतात.

तिसरी_घंटा
मग तोच आराखडा धरा. सुटे सुटे तुकडे करा, प्रत्येक आठ-दहा मिनिटांचा, प्रत्येक तुकडा किमान दोघांना येतो, आणि दोन तुकड्यांच्या मध्ये हँडओव्हर. जाणारी येणारीला सांगते, लघवी किती, खाल्लं किती, झोप कशी, काय राहिलंय. प्रयोगाच्या दिवशी कोणी आलं नाही तर तिचा तुकडा गाळायचा आणि हँडओव्हरमध्ये सरळ सांगायचं की अमुक तुकडा आज होणार नाही, बाईंची बदली आली नाही. हे कारण खरं असतं आणि प्रेक्षकाला त्यातून जे कळेल ते भाषणातून कळणार नाही.

आणि तालमीचे पैसे द्या. थोडे का होईना, पण द्या. फुकट राबण्यावरचं नाटक फुकट राबवून करू नका. प्रयोगाला तिकीट ठेवा, मदत म्हणून डबा फिरवू नका.

एकुलती_लेक
तिकिटाला +१. डबा फिरवला की परत दया आली.

रात्रपाळी
बरंच ठरलं. कूस बदलणे, भरवणे, पिशवीचा इंटरव्ह्यू, फोनची एक बाजू, थांबणे, आणि हेडफोनवाला राग. मध्ये हँडओव्हर. बोक्याचं पत्रकातलं वाक्यही घेतलं. फक्त एक अडलंय, पलंगावर कोण? काही जणी म्हणतात ट्रेनिंगचा डमी आणू, दोघी म्हणतात रिकामाच ठेवू आणि हवेत करू.

निवृत्त_सिस्टर
डमी नको, डमीला वजन नसतं, तुमचे हात लगेच खोटं बोलायला लागतील. रिकामा तर मुळीच नको, ते माइम होतं. प्रत्येक तुकड्यात तुमच्यातलीच एक जण आडवी झोपू दे, पूर्ण अंग सोडून, तोंड भिंतीकडे. मी ट्रेनिंगमध्ये प्रत्येकीला झोपवायची. मान न धरता फिरवलं की कसं वाटतं ते एकदा कळलं की परत सांगावं लागत नाही.

रात्रपाळी
सिस्टर, आम्ही सगळ्या पन्नास-पंचावन्न किलोच्या. खरे पेशंट तसे नसतात ना. तालमीला कोणीतरी वजनदार हवं.

खोडसाळ_बोका
मी येतो. ९२ किलो, आधीच सांगून ठेवतो. गुदगुल्या होतात.

निवृत्त_सिस्टर
९२ ला दोघी लागतील. ड्रॉ शीट जाड घ्या, आणि बोकेराव, अंग खरंच सोडायचं, मदत करायची नाही.